सव्वीस मिनिटे

"श्वास धरून ठेवू नकोस गं, नेहमीसारखा घे," माईकताई म्हणाली. चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडून तिने धाकटीच्या छातीच्या मधल्या हाडावर वाटाण्याएवढा माईक बसवला, वायर कपड्यांच्या आतून कमरेपर्यंत नेली आणि मागे पट्ट्यात काडेपेटीएवढी डबी खोचली. "टोचतंय?"

"सवय झाली. हल्ली तुम्ही काढून नेलात तरी तिथं काहीतरी आहे असंच वाटत राहतं."

"माझ्या कानांचं तेच झालंय. हेडफोन काढले तरी कुणीतरी बोलतंच असतं."

दोघी हसल्या. बाहेरून दिग्दर्शकाची हाक आली तशी धाकटीने आरशात एकदा पाहिले, चेहरा लावला आणि दिवाणखान्यात गेली. चेहरा लावला, हा माईकताईचा शब्द. बाकीच्या बायका मेकअप लावत, ही चेहरा लावत असे.

माईकताईचे वय त्रेपन्न. तीस वर्षे ती आवाज धरण्याचे काम करत होती. आधी रेडिओ, मग मालिका, आणि आता हा कार्यक्रम, 'घरचं मैदान'. शहरातल्या फुटबॉल क्लबच्या सहा खेळाडूंच्या बायका, त्यांची घरे, त्यांचे रुसवेफुगवे. नवऱ्यांनी मैदानावर घाम गाळायचा आणि कॅमेऱ्यांनी बायकांच्या मागे फिरायचे. युनिटमधल्या लोकांनी सगळ्यांची बारशी केली होती. कप्तानाची बायको ती कप्तानीण. गोलकीपरची ती गोलकीपरीण, कारण कुठलीही चहाडी तिच्या हातून सुटत नसे. आणि सव्वीस वर्षांची ही सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तिच्या नवऱ्याच्या पाठीवर नऊ आकडा होता आणि क्लबचे निम्मे गोल त्याच्या पायातून जात, त्यामुळे त्याला सगळे नऊ नंबरच म्हणत. त्यांना चार वर्षांची एक मुलगी होती.

कंपनीचा नियम साधा होता. माईक अंगावर आहे तोवर रेकॉर्डिंग चालू. बायकांनी तशा सह्या केल्या होत्या. कॅमेरा बंद झाला की माणूस खरे बोलतो, आणि खऱ्यावरच पुढचा भाग उभा राहतो, असे निर्मातीबाई म्हणत. माईकताईने मात्र स्वतःचा एक पोटनियम केला होता. जेवणानंतर पंधरा मिनिटे ती सगळ्यांचे माईक बंद करायची. "पंधरा मिनिटं तुमची," ती प्रत्येकीला सांगायची. "भांडा, रडा, नवऱ्याला शिव्या द्या. मला ऐकू येणार नाही." कप्तानीण म्हणायची, "ताई, तुम्ही देवमाणूस." धाकटी काही म्हणायची नाही. नुसती बघायची.

छातीच्या हाडावर माईक लावला की कधीकधी माणसाचे काळीजही ऐकू येते. आवाजाच्या धंद्यात तो दोष. डबक्यात खडे पडत राहावेत तसा डुब डुब आवाज बोलण्याखाली येत राहतो आणि मग ते बोलणे वापरता येत नाही. धाकटीचा तो आवाज माईकताईने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटले, वायर सैल झाली. धाकटी कॅमेऱ्यापुढे पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होती. पिवळा का नको, निळा का हवा. बोलता बोलता खालून डुबडुबडुबडुब सुरू झाले, जिना धावत चढल्यासारखे. माईकताई वायर बघायला उठणार तेवढ्यात फाटक वाजले आणि नऊ नंबरची गाडी आत आली.

गाडीचा आवाज त्यानंतर आला. धाकटीच्या काळजाने तो आधीच ऐकला होता. पडद्यावर दिसली ती मात्र हसणारी बाई, निळ्या रंगाचे कौतुक करणारी.

त्यानंतर माईकताई लक्ष ठेवू लागली. बाकी पाच जणींचे नवरे घरात आले तर काही व्हायचे नाही. कप्तानिणीचा तर श्वासच लांब व्हायचा, कंटाळल्यासारखा. धाकटीचे तसे नव्हते. तीन महिन्यांत सात वेळा. रोजच्या अहवालात माईकताई लिहायची, 'माईक चार. कपड्याचा आवाज. वापरता येणार नाही.' कपडा नव्हता, हे तिला ठाऊक होते. पण अहवालात काळजासाठी रकाना नव्हता, असे तिने स्वतःला समजावले होते.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी क्लब घरच्या मैदानावर उपांत्य सामना हरला होता. नऊ नंबरची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली होती. दिग्दर्शक सकाळपासून खूश होता. त्याला रडू हवे होते. त्याने धाकटीला खिडकीपाशी बसवले आणि विचारले, "हरल्यावर ते घरी येऊन काय बोलतात?"

धाकटीने दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "ते बोलत नाहीत. दारं बोलतात."

दिग्दर्शकाने अंगठा वर केला. चार वाजता कॅमेरे उतरवले गेले. मुले वायरी गुंडाळून गाडीत टाकत होती. माईकताई व्हॅनमध्ये यंत्रापुढे बसली होती. धाकटीच्या अंगावरचा माईक तेवढा काढायचा राहिला होता, ती लेकीला खाऊ घालून येते म्हणाली होती. हेडफोनमध्ये चमच्याचा आवाज येत होता. आणि मग चमचा थांबला. डुबडुबडुबडुब.

गाडी आली. दार उघडले.

"काय सांगितलंस त्यांना?" नऊ नंबरचा आवाज. चढलेला नव्हता. मुलाखतीत बोलायचा तसाच, मऊ. "दारं बोलतात?"

"कुणी सांगितलं?"

"तिला वर पाठव."

"खातीये ती."

"वर पाठव."

चिमुकली पावले जिना चढून गेली. मग काही क्षण नुसते काळीज. आणि मग धाकटी मोठ्याने, स्पष्ट, हाक मारल्यासारखी म्हणाली, "ताई, बंद करा!"

माईकताईने बंद केले. पोटनियमाचा तिला अभिमान होता. कुणी सांगावे आणि आपण ऐकू नये, असे आजवर झाले नव्हते. यंत्रावरचा लाल दिवा विझला. घड्याळात चार बारा. रेकॉर्डिंग बंद केले तरी हेडफोनमध्ये आवाज येत राहतो, त्याला वेगळे बटण असते. तिने ते बटण दाबले नाही. हेडफोनच काढले, खुंटीला अडकवले आणि खाली उतरून मुलांना वायरी गुंडाळू लागली. वायर गुंडाळायला तिच्या मदतीची कुणाला गरज नव्हती.

चार अडतीसला धाकटी बाहेर आली. माईक आणि डबी तिने स्वतःच काढून आणली होती, वायर नीट गुंडाळून. डाव्या हातात. उजवा हात खिशात होता. नऊ नंबर मागे दारात उभा होता, चौकटीला टेकून, युनिटमधल्या मुलांकडे बघून हसत होता. त्यातल्या एकाने त्याच्याकडे सही मागितली आणि त्याने दिलीसुद्धा.

"ऐकलं नाहीत ना, ताई?" धाकटीने विचारले.

"नाही गं. तू म्हणालीस आणि लगेच बंद केलं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. बघणे जरा लांबले. मग म्हणाली, "बरं."

अहवालात माईकताईने लिहिले, 'चार बारा. माईक चार. बॅटरी गेली.' नियम मोडला असे कसे लिहिणार?

कार्यक्रम गाजला. 'दारं बोलतात' हे वाक्य हळू संगीत लावून, तीन वेळा दाखवले. पुढे धाकटी खिडकीबाहेर एकटक बघते आहे असा तुकडा जोडला. तो तुकडा दुसऱ्याच दिवशीचा होता, ती पाऊस थांबायची वाट बघत होती. लोकांनी तिचे नाव दारवाली ठेवले. कुणी तिच्या आवाजात दाराशी गप्पा मारण्याच्या नकला केल्या.

माईकताईच्या घरी तिची आई होती, ब्याऐंशी वर्षांची, कानाने अधू. ती दर आठवड्याला टीव्हीचा आवाज भिंती हलतील इतका वाढवून कार्यक्रम बघायची. "काय गं ही तुझी दारवाली? घमेंडखोर मेली. नवरा एवढा लाखात एक आणि ही बघते कशी? शून्यात."

"तशी नाहीये ती, आई."

"काय?"

"काही नाही."

तेव्हापासून माईकताईला एक त्रास सुरू झाला. नव्या कामावर, दुसऱ्याच घरात, हेडफोन लावून ती यंत्र चालू करायची, आणि कुणी बोलायला लागण्याआधीची जी शांतता असते, तिच्यात तिला काहीतरी ऐकू यायचे. एकदा खुर्ची सरकली. एकदा कुणी ओंजळीत बोलल्यासारखे पुटपुटले. यंत्रावरचा काटा हलत नसे. म्हणजे आवाज नव्हताच. ती कानांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, "तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत. मग ऐकू येतं ते काय?" तिला सांगता आले नाही. जे तिने ऐकले असते तर एकदाच ऐकले असते, ते न ऐकल्यामुळे रोज नव्या तऱ्हेने ऐकू येत होते.

दीड वर्षाने, एका रविवारी सकाळी, दाराची बेल वाजली. आईने दार उघडले आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई! ही तर दारवाली!"

धाकटी खूप वाळली होती. केस कापले होते. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली, उठायची तयारी असल्यासारखी. उजव्या हाताचे मधले बोट जरा वाकडे जोडले गेले होते. पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने घेतला.

"मी घर सोडलंय, ताई. चार महिने झाले. लेकीला घेऊन बहिणीकडे आहे."

"बरं केलंस."

"त्याला लेक हवीये. कोर्टात गेलाय. म्हणतो, माझं डोकं ठिकाणावर नाही. पुरावा काय दिलाय माहितीये? तुमचा कार्यक्रम." ती हसली, हसणे नव्हतेच ते. "बघा कशी शून्यात बघते. बघा, दारं बोलतात म्हणते. सगळे भाग दिलेत त्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

माईकताईने आपली खुर्ची पुढे ओढली.

"माझ्या वकीलबाईंनी कंपनीकडून त्या दिवसाचं कच्चं रेकॉर्डिंग मागवलं. ते आलं. चार बाराला आवाज तुटतो. पुढं काही नाही." धाकटीने पेला खाली ठेवला. "पुढचं तुमच्याकडे असेल ना? म्हणजे, वेगळं?"

"नाही गं."

"कुठल्या तरी यंत्रात राहिलं असेल."

"मी बंद केलं होतं. तूच म्हणालीस ना, ताई बंद करा."

धाकटी बघत राहिली. तेच बघणे, व्हॅनपाशी होते तेच. "खरंच केलंत?"

"म्हणजे?"

"त्यानं बोट दाखवलं होतं माईककडे. म्हणून मी म्हणाले. त्याला वाटावं की बंद झाला, म्हणून मोठ्यानं म्हणाले. सगळेच म्हणतात बंद केलं, ताई. आजवर कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ती तुमची पंधरा मिनिटं, मला वाटायचं तेही नुसतं बोलायचं. त्या दिवशी मला वाटलं, चला, एवढं एक बरं आहे. कुणीतरी ऐकतंय." तिने वाकड्या बोटावर दुसरा हात ठेवला. "तेवढ्यावर मी तिथं उभी राहिले."

स्वयंपाकघरात आईने भांडे आपटले. बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेले.

"आणि नंतर मी विचारलं, ऐकलं नाहीत ना," धाकटी म्हणाली. "तो मागे उभा होता म्हणून तसं विचारलं. मला वाटलं तुम्ही डोळ्यांनी काहीतरी सांगाल."

"मला माफ कर," माईकताई म्हणाली.

"माफीचं काय करू मी? सव्वीस मिनिटांचं काहीतरी द्या." हे ती रागाने म्हणाली नाही. उठली, आईला नमस्कार केला आणि गेली. दार तिने अगदी हळू, हातात धरून लावले. कडीचाही आवाज झाला नाही.

आईला सगळे ओरडून सांगावे लागले. खालच्या मजल्यावरही ऐकू गेले असेल. आईने ऐकले आणि बराच वेळ मांडीवरच्या पंचाची घडी उलगडत आणि पुन्हा घालत राहिली.

"आपल्या शेजारी ती कंपाउंडरची बायको होती. आठवते?" तिने विचारले.

"नाही."

"कशी आठवेल? संध्याकाळी तिच्याकडे सुरू झालं की मी आपला रेडिओ मोठा करायचे. तू पाच-सहा वर्षांची. तुला ऐकू जाऊ नये म्हणून, असं सगळ्यांना सांगायचे. तू रेडिओपाशी कान लावून बसायचीस, सगळे म्हणायचे, पोरीला गाण्याची केवढी आवड!"

"पुढे काय झालं तिचं?"

"कुणाचं?"

"कंपाउंडरच्या बायकोचं, आई."

"माहीत नाही. रेडिओ मोठा होता ना." आईने घडी बाजूला ठेवली. "ते यंत्र बंद केलंस ते तिच्यासाठी. समजलं. पण कानातलं काढून ठेवलंस ते कुणासाठी गं?"

माईकताईने दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. त्याच संध्याकाळी निर्मातीबाईंचा फोन आला. इतक्या लवकर कुणी सांगितले, ते तिने विचारले नाही.

"ताई, तुम्ही साक्ष द्या, आमची काही हरकत नाही," निर्मातीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त अहवालात आहे तेच सांगा. बॅटरी गेली. यात कुणाचाच दोष नाही. तुमचा नाही, आमचा नाही, बिचाऱ्या त्या मुलीचाही नाही. आणि नवीन पर्व पुढच्या महिन्यात सुरू होतंय. तुमच्याशिवाय कोण माईक लावणार?"

"बॅटरी गेली नव्हती."

"तुमच्याच अक्षरात आहे."

"हो. माझंच अक्षर आहे."

"मग नियम तुम्ही मोडलात आणि वर खोटंही लिहिलंत, असं होईल. तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. विचार करा."

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढीच होती. भिंतीवर पंखा, त्याचे एक पाते दुसऱ्यापेक्षा जड, त्यामुळे दर फेऱ्याला ठक्क होत होते. माईकताईच्या कानाने ते आत शिरल्याबरोबर टिपले. नऊ नंबर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत. धाकटी दुसऱ्या टोकाला. तिने माईकताईकडे पाहिले नाही.

नऊ नंबरचे वकील सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद पुढे केला. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"बॅटरी गेली, असं लिहिलंय."

"ते खोटं आहे. बॅटरी होती. मी बंद केलं."

"म्हणजे तुम्ही कामात खोटं लिहिता?"

"त्या दिवशी लिहिलं. आणि त्याआधी सात वेळा."

वकिलांना हे अपेक्षित नव्हते, पण ते थांबले नाहीत. "चार बारानंतर तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही."

"एक शब्द? एखादा आवाज?"

"काही नाही. मी हेडफोन काढून खाली उतरले."

"नवरा-बायकोनं आपल्याच घरात थोडा एकांत मागितला, तो तुम्ही दिलात. एवढंच ना? धन्यवाद." ते बसले. नऊ नंबरने पाय लांब केले.

न्यायाधीश बाई काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "रेकॉर्डिंग बंद केलं तरी तुम्हाला ऐकता येत होतं का?"

"येत होतं."

"मग हेडफोन का काढलेत?"

पंखा ठक्क म्हणाला. पुन्हा ठक्क.

"मला ऐकायचं नव्हतं," माईकताई म्हणाली.

"का?"

"काय ऐकू येणार ते मला माहीत होतं."

आता न्यायाधीश बाईंनी मान वर केली. वकील उठून उभे राहिले, "हा अंदाज आहे," म्हणाले. बाईंनी हाताने त्यांना बसवले. "कसं माहीत होतं?"

मग माईकताईने सांगितले. माईक कुठे लावतात, तिथे काय ऐकू येते, सहा बायकांपैकी पाच जणींचे काय व्हायचे आणि सहावीचे काय व्हायचे. सात तारखा तिने अहवालातूनच वाचून दाखवल्या. "इथं कपड्याचा आवाज असं लिहिलंय. कपडा नव्हता. ही तिची छाती धडधडत होती. रेकॉर्डिंग कंपनीकडे आहे, त्या तारखांना लावून ऐका. आधी ते ऐकू येईल, मग फाटक. दर वेळी त्याच क्रमानं. हे मी तीन महिने ऐकत होते, आणि कपडा लिहीत होते. बंद करा असं ती म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. म्हणून मी लगेच बंद केलं. तिच्यावर दया म्हणून नाही."

वकील पुन्हा उठले. "काळीज धडधडलं म्हणून नवरा दोषी? प्रेमातही धडधडतं, बाई."

मागे कुणीतरी हसले. माईकताई त्यांच्याकडे वळली. "तीस वर्षं लोकांच्या छातीला माईक लावतेय, साहेब," ती म्हणाली. "प्रेमाचं मी ऐकलेलं आहे. ते असं नसतं."

यावर कुणी हसले नाही.

पुढची साक्ष धाकटीची होती आणि तिच्या विनंतीवरून ती बंद दाराआड व्हायची होती. सगळ्यांना बाहेर काढले. माईकताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. शिपाई म्हणाला, "बाई, वेळ लागेल. खाली जाऊन चहा घ्या."

"नको. मी इथंच बसते."

दार जाड होते. शब्द एकही कळत नव्हता. पण आवाज येत होता, एका बाईचा, सपाट, मध्येच तुटणारा, पुन्हा सुरू होणारा. माईकताईने डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ऐकत राहिली. काय चालले आहे ते तिला कधीच कळणार नव्हते, आणि ते तिला कळावे असा तिचा हक्कही नव्हता. मध्ये एकदा आवाज अगदी थांबला आणि खूप वेळ थांबूनच राहिला. शिपायाने दाराकडे बघितले, मग हिच्याकडे. "ठीक आहात ना?" त्याने विचारले. तिच्या गालावरून पाणी वाहत होते, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळले.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत बहीण होती. ती बाकासमोरून गेली. एक पाऊल मंदावले, इतकेच.

निकाल तीन महिन्यांनी लागला. मुलगी आईकडे राहिली. बापाने महिन्यातून दोनदा, कोर्टाच्या माणसासमोर भेटायचे असे ठरले. एवढेच. सव्वीस मिनिटांसाठी त्याला कुणी काही केले नाही. तो खेळत राहिला, त्या वर्षी त्याने एकोणीस गोल केले. 'घरचं मैदान'चे नवे पर्व आले, त्यात नऊ नंबरची होणारी बायको होती, कुरळ्या केसांची, खूप बोलकी. माईकताईच्या आईने पहिला भाग लावला, दोन मिनिटे बघितला आणि उठून टीव्हीचे बटणच बंद केले. पुन्हा लावला नाही.

माईकताईला कंपनीने बोलावले नाही. दुसऱ्या कुणीही बोलावले नाही. जी बाई बंद म्हणून खरेच बंद करते आणि मग कोर्टात जाऊन सांगते, तिला या धंद्यात कोण ठेवणार? तिला अंधांच्या ग्रंथालयात काम मिळाले. लोक येऊन पुस्तके वाचत आणि ती त्यांचा आवाज धरून ठेवी. वाचणारा दम घ्यायला थांबला की अजूनही तिला त्या थांबण्यात काहीतरी ऐकू येई. ती आता हेडफोन काढत नसे. ते संपेपर्यंत बसून राही, मग वाचणाऱ्याला खूण करी, पुढे चला.

एकदा ग्रंथालयातून घरी येताना ती बाजारातल्या चपलांच्या दुकानावरून चालली होती. काचेच्या आत धाकटी दिसली. लेक चांगली उंच झाली होती. तिच्या पायात लाल रंगाचे नवेकोरे बूट होते आणि ती दुकानाच्या लाकडी जमिनीवर पाय आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, वळत होती, पुन्हा आपटत येत होती. दुकानदाराने कानांवर हात ठेवल्याचे सोंग केले. एक गिऱ्हाईक बाई वैतागून काहीतरी म्हणाली. धाकटी बाकावर बसली होती, जुने बूट मांडीवर घेऊन. तिने लेकीला थांबवले नाही.

काचेबाहेर त्यातले काहीच ऐकू येत नव्हते. माईकताई थोडा वेळ ते लाल पाय बघत उभी राहिली. मग लोक जाऊ-येऊ लागले, तशी ती वाटेतून बाजूला झाली.